ठोकळा शेवटी मेला

१

बर्फाच्या डब्यात पाच मासे होते. चार मासे कुठल्याही मेलेल्या माशासारखे लुळे पडले होते. पाचवा मेल्यावरही चौकोनीच राहिला होता: पिवळा, काळ्या ठिपक्यांचा, मुठीएवढा. बॉक्सफिशचे अंग हाडांच्या पेटीत बसवलेले असते. जीव जातो, पण पेटी वाकत नाही. अण्णांनी चार वर्षांपूर्वी त्याला घरी आणले त्याच दिवशी त्याचे नाव ‘ठोकळा’ ठेवले होते.

आत्याने डब्याचे झाकण इतक्या जोरात लावले की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली.

“काय पडलं, आत्या?”

“काही नाही. मला राग आलाय.”

राग मासे मेल्याचा नव्हता. दारातून आत शिरताना तिने चपलांच्या शेजारी भरून ठेवलेली एक कापडी पिशवी पाहिली होती. वर घडी केलेला पांढरा कोट होता. पिशवी अण्णांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरची होती. म्हणजे चौकशी व्हायच्या आधीच निकाल लागला होता, आणि शिक्षा बांधून दाराशी तयार ठेवली होती.

आत्याने तंत्रनिकेतनात एकतीस वर्षे मोजमापशास्त्र शिकवले होते. मुले तिला पाठीमागे ‘मायक्रोमीटर’ म्हणत. तिला ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. न मोजता बोलणाऱ्या माणसाची तिला लहानपणापासून चीड होती, आणि तिच्या माहेरात अशी माणसे भरपूर होती.

“सिस्टरला कधी पाठवताय?”

“चारला एजन्सीच्या मॅडम येणारेत,” सूनबाई पदराशी चाळा करत म्हणाली. “ह्यांनी तक्रार लेखी दिलीय. निष्काळजीपणाची.”

“लेखी! म्हणजे पुन्हा कुठल्याच घरी तिला कोणी उभं करणार नाही.”

“आता मी काय बोलणार? घरात माझं ऐकतं कोण!”

आत्याने घड्याळ पाहिले. बारा वाजून दहा मिनिटे झाली होती.

हॉलमध्ये आत्याचे भाऊ अण्णा चाकांच्या खुर्चीत बसले होते, माशांच्या टाकीकडे तोंड करून, नेहमीसारखे. नऊ महिन्यांपूर्वीच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला एक हुंकार आणि मानेची हालचाल. डॉक्टर म्हणाले होते, माणसाला दिवसभर बघायला काहीतरी जिवंत हवे. चारशे लिटर खाऱ्या पाण्यात ते जिवंत काहीतरी कालपर्यंत होते. काल दुपारपासून अण्णांनी अन्नाचा कण घेतला नव्हता. चमचा जवळ आला की ते ओठ घट्ट मिटून घेत. संध्याकाळपर्यंत खाल्ले नाही तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागणार होती.

“दुःखच तेवढं झालंय त्यांना,” सूनबाई हळूच म्हणाली.

आत्याने पर्समधून वही काढली आणि वर तारीख घातली.

२

आरोप साधा होता. काल, गुरुवारी, सकाळी अकराला सिस्टरने टाकीची काच लोहचुंबकाच्या घासणीने पुसली. घासणी सुटली आणि काचेवर ‘टक्’ असा आवाज झाला, जो सूनबाईने स्वयंपाकघरात ऐकला. बॉक्सफिश घाबरला की अंगातून विष सोडतो. त्याने बाकीचे मरतात आणि तो स्वतःही मरतो. साडेअकराला मासे धापा टाकू लागले आणि एकला सगळा खेळ आटोपला. दोन अधिक दोन चार.

“मला ह्या बेरजेतले दोन्ही दोन दाखवा,” आत्या म्हणाली आणि सिस्टरच्या समोर बसली.

सिस्टर चाळिशीची होती. मागच्या खोलीतल्या पलंगाच्या कडेवर ती ताठ बसली होती. ती रडलेली नव्हती. ती संतापलेली होती, आणि आत्याला ते बरे वाटले.

“घासणी सुटली का?”

“सुटली. मी नाही कशाला म्हणू? दर गुरुवारी पुसते, कधीतरी सुटते. मागच्या महिन्यात दोनदा सुटली. तेव्हा ठोकळा उलट बघायला आला, कसला आवाज म्हणून. माझ्या बोटाजवळ येऊन पाण्याची पिचकारी मारायचा तो, आत्याबाई. मला घाबरायचा म्हणे!”

“पहिल्यांदा कोण मेलं?”

“हे मला कालपासून कोणी विचारलंच नाही.”

“मी विचारतेय.”

“मासे सगळे जवळजवळ बरोबर गेले. आधी दोन्ही जोकरमासे, मग निळा, मग तो वाळूत लपणारा. ठोकळा सगळ्यात शेवटी. बाकीचे तळाला गेले तरी तो वरच्या कोपऱ्यात तोंड काढून होता. पाऊण तास तरी.” तिने उशीखालून एक जाड वही ओढली. “पण माशांच्या आधी कोळंबी. हे बघा.”

ती अण्णांची वही होती: रक्तदाब, नाडी, गोळ्या, लघवी, दर अर्ध्या तासाला एक ओळ. आणि अण्णा खुणेने हट्ट धरत म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी टाकीचे तापमान. अक्षर सुबक होते. गुरुवारच्या पानावर साडेआठच्या ओळीपुढे लिहिले होते: ‘कोळंबी पाठीवर पडली आहे. पाय सारखे झाडते. खेकडा शंखातून बाहेर, हलत नाही.’

“हे तुम्ही कोणाला सांगितलंत?”

“वहिनींना. त्या म्हणाल्या, कात टाकत असेल.”

आत्याने ती ओळ आपल्या वहीत उतरवली आणि खाली दोनदा रेघ मारली. साडेआठ. काच पुसली अकराला. कारण घडायच्या अडीच तास आधी परिणाम हजर झाला होता.

“सिस्टर, ती पिशवी दारातून उचलून आत आणा.”

“कशाला? चारला जायचंच आहे.”

“उचला म्हणते ना! मला ती बघवत नाही.”

३

टाकीत पाणी अजून स्वच्छ होते. आत्याने कालच फोनवर बजावले होते, पाण्याला हात लावाल तर याद राखा. तिने चष्मा पुसला आणि काचेला नाक लावले. वाळूवर कोळंबी पडली होती, पांढरी पडलेली. खेकडाही होता. आणि काचेवरून, काहीच घडले नसल्यासारखी, एक गोगलगाय सावकाश वर चढत होती. दगडाआड दुसरी. मग तिसरी.

“सूनबाई, ह्या गोगलगायी जिवंत आहेत!”

“त्यांना काय धाड भरलीय,” सूनबाई म्हणाली.

“टाकी तुला आवडत नव्हती.”

“नव्हती. खोटं कशाला बोलू? भिंतीला मीठ लागतं, सॉकेट गंजतात, वर्षात दोनदा रंग काढलाय मी. पण आत्या, मासे मारायला मी काय राक्षसीण आहे? सासऱ्यांचा जीव अडकलाय त्यात. मला तर त्यांना भरवायचं असतं, मला माहीत नाही का?”

“विषाचं तुला कोणी सांगितलं?”

“ह्यांनी. दुपारी बाराला मी ऑफिसात फोन केला, मासे कसंतरी करतायत म्हणून. हे लगेच म्हणाले, काच पुसली का कोणी? मी म्हटलं, सिस्टरनी पुसली, टक् आवाज आला. तर म्हणाले, झालं, ठोकळ्यानं विष सोडलं. टाकीवाल्यानंच सांगितलंय तसं.”

“टाकीवाल्यानं. कधी?”

“ते नाही विचारलं.”

तेवढ्यात अण्णांचा मुलगा छोटू आतून आला. लहानपणी चिकटलेले नाव त्याला सुटले नव्हते. तो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि दाराच्या चौकटीत वाकून शिरावा इतका उंच. आज त्याने रजा टाकली होती.

“आत्या, तू उगाच त्रास घेतेस. मेले ते मेले. बॉक्सफिश पाळणं म्हणजे घरात बॉम्ब ठेवणं. अण्णांना तेव्हाच सांगितलं होतं मी.”

“बॉम्ब शेवटी फुटला, छोटू.”

“म्हणजे?”

“बाकीचे मेल्यावर पाऊण तासानं ठोकळा मेला. स्वतःच्या विषानं दुसरे मारणारा स्वतः शेवटी मरतो, हे पटतं तुला?”

“त्या बाईनं सांगितलं आणि तू ऐकलंस!”

“त्या बाईनं लिहिलं आणि मी वाचलं. तुझ्या आणि माझ्या घराण्यात लिहून ठेवायची पद्धत नाही, म्हणून तुला फरक कळत नाही. तुला हे सगळं पहिल्यांदा कधी कळलं?”

“बाराला. हिचा फोन आला तेव्हा.”

“त्याच्या आधी काहीच नाही?”

“सकाळी मी घाईत होतो. टाकीकडे बघितलंसुद्धा नाही.”

आत्याने हेही लिहून घेतले, त्याच्याच शब्दांत.

४

टाकीवाला महिन्यातून एकदा येऊन टाकीची देखभाल करी. फोनवर तो आधीच बचावाच्या पवित्र्यात होता.

“बाई, माझ्या कामात खोट नाही. पंधरा दिवसांपूर्वी फिल्टरमधला कोळसा बदललाय, पंप धुतलाय. आता माशानंच विष सोडलं तर मी काय करू?”

“विष सोडलं असं तुम्ही बघितलंत?”

“मी कुठून बघणार? मला साहेबांनी विचारलं, मी हो म्हटलं.”

“काय विचारलं? शब्द आठवतायत?”

“विचारलं की, बॉक्सफिश घाबरला तर टाकीतले सगळे मरू शकतात का? मी म्हटलं, मरू शकतात. विचारलं, काचेवर काही आपटलं तर घाबरतो का? मी म्हटलं, घाबरू शकतो. एवढंच. पुस्तकात आहे ते सांगितलं.”

“फोन कधी आला होता, जरा बघून सांगता का? मी थांबते.”

पलीकडे खाटखूट झाली. आत्या खिडकीशी उभी होती. तिच्या हातातली पेन्सिल काटकन मोडली तेव्हा तिच्या लक्षात आले की आपण ती किती घट्ट धरली होती.

“नऊ वाजून पाच मिनिटं,” टाकीवाला म्हणाला. “सकाळचे. गुरुवार.”

नऊ पाचला सगळे मासे पोहत होते. काच पुसली गेली नव्हती. काहीच आपटले नव्हते. आणि घरात एक माणूस, ज्याने टाकीकडे बघितलेसुद्धा नव्हते, काचेवर काही आपटले तर काय होते ते विचारून ठेवत होता.

“आणखी एक. खेकडा, कोळंबी मरते, मासे मरतात आणि गोगलगायी ठणठणीत राहतात. असं कशानं होतं?”

टाकीवाल्याचा आवाज बदलला. “बाई, तुमच्याकडे कोणी झुरळांचा स्प्रे मारला का हो?”

५

“मारूच शकत नाही,” सूनबाई ठामपणे म्हणाली. “अण्णांचा नियम आहे. घरात स्प्रे आणायचा नाही. मी झुरळांना चिकटपट्ट्या लावते, बारा महिने. हॉलमध्ये काल सकाळपासून मी होते, सिस्टर होत्या. वास तरी आला असता की!”

हे खरे होते. आत्याने खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसून शांतपणे विचार केला. शांतपणा वरवरचा होता. पाण्यात कोणी हात घातला नव्हता. खाणे नेहमीचेच. मग विष पाण्यातून आले नाही. टाकीत पाण्याखेरीज आणखी काय जाते?

हवा जाते.

तिने टाकीखालचे कपाट उघडले. आत स्किमर घरघरत होता: बुडबुड्यांचा फेस करून त्यात पाण्यातली घाण ओढून काढणारे यंत्र. बुडबुड्यांसाठी तो दिवसभर हवा पितो. हवा ज्या नळीतून येते ती पेन्सिलीएवढी नळी आत्याने बोटांत धरली आणि ती जाईल तिकडे गेली. नळी कपाटाच्या मागून निघाली, भिंतीच्या कडेने चालली आणि भिंतीला पाडलेल्या एका भोकात शिरली.

“ही पलीकडे कुठे जाते?”

“कोठीच्या खोलीत,” सिस्टर म्हणाली. “हॉल बंद असतो, एसी चालू. बंद हवेनं पाणी आंबट होतं म्हणतात. म्हणून अण्णांनी उघड्या खिडकीच्या खोलीतून हवा घेतली. त्यांच्या जुन्या वहीत लिहिलंय.”

कोठीच्या खोलीत बुटांची मांडणी होती, जुन्या पेट्या होत्या, आणि छोटूच्या ऑफिसच्या बॅगा. नळीचे तोंड मांडणीच्या मागे, जमिनीपासून वीतभर वर होते. आत्या गुडघ्यांवर बसली. गुडघ्यांनी तक्रार केली. तिने ती फेटाळली. नळीच्या तोंडाला धूळ अडवण्यासाठी कापसाचा बोळा लावलेला होता. तो तिने चिमट्याने काढून नाकाशी नेला आणि सिस्टरपुढे धरला. सिस्टरने तोंड फिरवले.

मांडणीखाली चार झुरळे उताणी पडली होती.

“कोळंबी काय, खेकडा काय, झुरळाच्या भावकीतलेच,” आत्या म्हणाली. “झुरळाचं औषध आधी भावकीला लागतं, मग माशांना. गोगलगायीचा गोतावळा वेगळा, म्हणून ती वाचली. इथे बसून कोणीतरी बुटांवर, बॅगांवर स्प्रे मारला, आणि तिकडे टाकीनं तो श्वासाबरोबर ओढला. ह्या भिंतीला भोक कोणी पाडलं, सूनबाई?”

सूनबाईचा चेहरा उतरला. “ह्यांनीच, अण्णांच्या सांगण्यावरून,” ती पुटपुटली.

६

पावणेतीनला आत्याने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावले. छोटू हाताची घडी घालून टाकीला टेकला.

“काल सकाळी तू कोठीत स्प्रे मारलास.”

“काय पुरावा?”

“पुरावा मागतोस म्हणजे नाही म्हणत नाहीस. बोळा माझ्या डबीत बंद आहे. स्प्रेचा डबा तुझ्या गाडीत असेल. किल्ली दे, सूनबाई जाऊन बघून येईल.”

छोटूने बायकोकडे पाहिले. बायकोने हात पुढे केला होता, किल्लीसाठी. त्याची घडी सुटली.

“बॅगेतून झुरळ निघालं ग, आत्या. मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर. लाज गेली माझी. परवा येताना डबा घेतला आणि काल सकाळी सातला दोन मिनिटं मारला. ती नळी डोक्यातच नव्हती. चार वर्षं झाली त्याला. चूक झाली.”

“ती चूक मी माफ केली. झुरळाला माणूस काय करणार? आता पुढची सांग.”

“पुढची कुठली?”

“साडेआठ ते नऊच्या मध्ये तू इथे आलास, कोळंबी पाय झाडताना बघितलीस आणि तुला नळी आठवली. त्या वेळी नुसतं तोंड उघडलं असतंस तर? नळी काढायची, कोळसा बदलायचा, निम्मं पाणी बदलायचं. टाकीवाला म्हणतो, ठोकळा नक्की वाचला असता, बाकीचेही वाचले असते कदाचित. हातात अडीच तास होते! त्या अडीच तासांत तू काय केलंस? टाकीवाल्याला फोन करून आळ कोणावर घालता येईल ते विचारून ठेवलंस. गुरुवारी काच पुसली जाते हे तुला माहीत होतं. तू मासे मरायची वाट बघत ऑफिसात बसलास, छोटू.”

“अण्णांना काय सांगणार होतो मी?” तो ओरडला. “जन्मभर प्रत्येक गोष्टीत माझं चुकलंच आहे त्यांच्या दृष्टीनं! आणि हिला काय, दुसरं घर मिळालं असतं!”

“निष्काळजी म्हणून लेखी तक्रार गेल्यावर?” सिस्टर पहिल्यांदाच बोलली. “कुठलं घर, साहेब? पत्ता द्या, मी जाते.”

स्किमर घरघरत होता. आत्याने वही उघडली. तिला एक नोंद पूर्ण करायची होती.

“फोन कुठून केलास? कोठीतून?”

“नाही. इथूनच. इथे उभा राहून.”

“तेव्हा इथे कोण होतं?”

“कोणी नव्हतं. सिस्टर गोळ्या आणायला आत गेली होती. ही आंघोळीला. कोणीच नव्हतं.”

“हंऽ!”

हुंकार इतका मोठा होता की सूनबाई दचकली. अण्णांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली होती. त्यांचा चेहरा लाल झाला होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि डोळे मुलावर रोखलेले होते.

७

आत्याचा हात वहीवर थबकला. टाकीपासून ती खुर्ची सहा फुटांवर होती. नऊ महिने ती तिथेच होती.

“अण्णा,” ती हळू आवाजात म्हणाली, “तू तो फोन ऐकलास?”

अण्णांनी मान हलवली. हो.

“सगळा?”

हो.

“आणि मग दुपारी ह्यांनी सिस्टरवर आळ घातला तेव्हा... अण्णा, तू जेवण का सोडलंस? ठोकळ्यासाठी?”

मान आडवी हलली. नाही. डावा हात उचलला गेला आणि सिस्टरकडे वळला.

सूनबाईने तोंडावर पदर दाबला. सिस्टर पुढे झाली आणि अण्णांच्या खुर्चीशी खाली बसली. तिचा ताठपणा मोडला. “मला काय माहीत, अण्णा,” ती म्हणाली. “मला वाटलं तुम्हालाही माझाच राग आलाय. मी चमचा पुढे करत होते आणि तुम्ही तोंड मिटत होतात.”

“फोन उचल,” आत्या छोटूला म्हणाली. “एजन्सीच्या मॅडमना लाव. सगळ्यांना ऐकू येईल असा.”

घंटा वाजली. छोटूने घसा साफ केला. “मॅडम, काल मी जी तक्रार दिली होती, त्यात जरा गैरसमज...”

“गैरसमज नाही,” आत्या म्हणाली.

तो थांबला. मग अण्णांच्या नजरेतून सुटका नाही हे त्याला उमगले असावे. “मॅडम, तक्रार खोटी होती. मासे माझ्या स्प्रेनं मेले. ते मला आधीच माहीत होतं. सिस्टरांचा काही दोष नाही. हे मी आजच लिहून पाठवतो. हो, सहीनिशी.”

पलीकडच्या बाईने विचारले, मग आमची सिस्टर तिथे राहणार की गाडी पाठवू?

सगळ्यांनी सिस्टरकडे पाहिले. “गाडी पाठवू नका,” ती म्हणाली. “मी अण्णांसाठी राहते. साहेबांशी बोलायचं की नाही ते माझं मी ठरवीन.”

तिने जेवणाची वाटी आणली. पहिल्या चमच्याला अण्णांनी तोंड उघडले. छोटू दोन पावले पुढे आला तसे ते पुन्हा मिटले. तो तिथेच उभा राहिला. मग मागे सरून भिंतीशी जाऊन बसला. ओठ उघडले.

सूनबाईने आत्याच्या खांद्याला हात लावला. “तुम्ही होतात म्हणून, आत्या. नाहीतर—”

“गप्प बस!” आत्या इतक्या तीव्रतेने बोलली की सूनबाई मागे हटली. “मी होते म्हणून काय? बारा दहाला मी दारातून आत आले. तिघांना विचारलं, टाकीवाल्याला विचारलं, नळीला विचारलं, गोगलगायीला विचारलं. चार पानं भरली. ज्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, त्याच्या अंगावरून मी सहा वेळा ये-जा केली. हो किंवा नाही, एवढंच विचारायचं होतं. छोटूनं त्याला माणसांत धरलं नाही म्हणून मी भडकले, आणि मी तरी काय केलं?”

तिने भरलेली चार पाने वहीतून टराटरा फाडली, घडी करून पर्समध्ये टाकली आणि खुर्ची ओढून अण्णांच्या समोर, टाकीकडे पाठ करून बसली. कोरे पान उघडले. वर तारीख घातली.

“अण्णा, घास गिळ. घाई नाही,” ती म्हणाली. “काल सकाळी सातपासून सुरू करू. तू जागा होतास?”